लिव्हिंग विल केलंय का कुणी? मजकूर जमतोय, नाव कुणाचं घालायचं तेच सुचत नाहीये

ओसरी

मागच्या वर्षी बाबा गेले. वय ८१. मेंदूत रक्तस्राव झाला आणि शुद्ध हरपली ती परत आलीच नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक तरुण डॉक्टर आले नि म्हणाले, "श्वास पुरत नाहीये, नळी घालावी लागेल. घालायची ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? आई बाकावर बसलेली, दादा विमानात आणि डॉक्टर एका पायावर उभे.

त्या 'हो'नंतर तेवीस दिवस गेले. तोंडातली नळी झाली, मग गळ्याला भोक, नाकातून अन्नाची नळी, मूत्रपिंडांनी काम थांबवलं म्हणून डायलिसिस. दर पायरीला सही मागायचे. पहिली सही करताना हात कापला होता, चौथ्या सहीला मी पेन शोधत होते. दादा आला आणि त्याने एकच विचारलं, "हे बाबांना चाललं असतं का?" मी भडकून म्हटलं, "मग तू सांग बंद करायला." त्यानेही नाही सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर बोललेलो नाही.

बाबा स्वतः कायम म्हणायचे, "मला नळ्या लावून ठेवू नका रे." त्यावर आमचं ठरलेलं उत्तर, "शुभ बोल नाऱ्या!" की विषय बंद. कुठल्या नळ्या, किती दिवस, ठरवायचं कुणी, हे एकदाही विचारलं नाही.

आता मी (वय ५४) आणि आई (७६) दोघींनी वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) करायला घेतलंय, म्हणजे आपलं भान गेलं तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं पत्र. मला कळलेलं एवढंच, की 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला. सन्मानाने मरता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि असं पत्र आधीच करून ठेवायला मान्यता दिली. पण त्याला मॅजिस्ट्रेटची सही लागते म्हणे. ते खरं का?

मजकूर होतोय लिहून. गाडी अडलीय ती एका ओळीवर: 'मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती'. पुढे रिकामी रेघ. नवरा? माझं रक्त तपासायला काढलं तरी तो खोलीबाहेर जातो. मुलगी २४ वर्षांची आहे, तिच्यावर कसं टाकू? दादा? (हसू नका.) ज्यांनी केलंय त्यांनी नाव कसं ठरवलं ते लिहा ना.

मोडी_वाचक

ओसरीताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

एक शब्दांचा घोळ आधीच मिटवू या, नाहीतर पन्नास प्रतिसादांनंतर तोच निघेल. आपल्याकडे इच्छापत्र म्हटलं की लोक घर, शेत, दागिने काढतात. ते मृत्युपत्र, माणूस गेल्यावर लागू होणारं. हे पत्र माणूस जिवंत असतानाच लागू होतं आणि तो गेला की संपतं. म्हणून तर 'लिव्हिंग'. शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी १९६९ मध्ये ही कल्पना या नावाने मांडली, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने तिला पहिल्यांदा कायद्याचं रूप दिलं. दोन्ही कागद वेगळे ठेवावेत. मृत्युपत्रातच एक परिच्छेद घालून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. ते पाकीट उघडतं तेराव्यानंतर.

गोंधळी

तेराव्यानंतर!! काका लोकांनो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, पण हसलो.

माझा बाळबोध प्रश्न. यात 'मला इंजेक्शन देऊन मोकळं करा' असं लिहिता येतं का? मी इतके दिवस लिव्हिंग विल म्हणजे इच्छामरणाचा अर्ज समजत होतो.

फाटका_कोट

नाही, गोंधळी. तसं लिहिलंत तर ती ओळ शून्य. मृत्यू घडवून आणण्यासाठी काही देणं भारतात गुन्हाच आहे. या पत्रात एवढंच म्हणता येतं, की बरं होण्याची आशा नसताना फक्त मरण लांबवणारे उपचार सुरू करू नका किंवा चालू असतील तर थांबवा. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ द्या. वर्तमानपत्रं दोन्हीला 'इच्छामरण' म्हणतात आणि मग सगळे घाबरतात.

आता ओसरीताईंसाठी. मॅजिस्ट्रेटची सही गेली. २४ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०१८ची प्रक्रिया सोपी केली. आणि अर्ज कुणी केला होता? अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्याच संघटनेने, इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने. जुनी प्रक्रिया प्रत्यक्षात पाळताच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आजची स्थिती अशी. करणारी व्यक्ती सज्ञान हवी, भानावर हवी, स्वखुशीने करणारी हवी. पत्र लेखी हवं. दोन साक्षीदारांसमोर सही, साक्षीदार शक्यतो त्रयस्थ. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. हे मी केव्हाही रद्द करू किंवा बदलू शकतो, हे वाक्य त्यात हवं. परिणाम समजून घेतलेत, हेही हवं. आणि तुमच्या रिकाम्या रेघेवर आता एकाहून जास्त नावं घालता येतात. स्टॅम्प पेपरची अट निकालात कुठेही नाही. तरी लोक घेतात, भारदस्त वाटतं म्हणून.

प्रती कुणाला द्यायच्या? ज्यांची नावं घातली त्यांना, घरच्या डॉक्टरांना आणि स्थानिक संस्थेच्या, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याला. त्या संस्थेने एक 'कस्टोडियन', म्हणजे ही पत्रं जपून ठेवणारा अधिकारी, नेमायचा असतो. हे कलम बराच काळ कागदावरच होतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे महाराष्ट्रात ठिकठिकाणी कस्टोडियन नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच पत्र नोंदवलं. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५मध्ये परिपत्रक काढलं.

जाता जाता: 'माझं कुलमुखत्यारपत्र मुलाकडे आहे, तो बघेल' असं म्हणणारे अशील दर आठवड्याला येतात. तुम्ही भानावर नसलात की आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्रच संपतं. नेमकं हवं तेव्हा ते नसतं.

कडू_कारलं

सगळं छान. पण कोर्टाचे निकाल वाचायला बरे असतात, घरं मी जवळून पाहिलीत. म्हाताऱ्याचं घर मोक्याच्या जागी आहे, मुलांना घाई आहे आणि त्यात म्हाताऱ्याने स्वतःच सही करून दिलीय, 'मला जगवू नका'. यांच्या हातात कोलीतच की! अतिदक्षता विभागाचं रोजचं बिल वाढत असताना 'त्यांचीच इच्छा होती हो' म्हणणं किती सोपं आहे.

आयसीयूवाला

कारलंभाऊ, शंका रास्त आहे. पण पत्र दाखवलं आणि मशीन बंद केलं, असं होत नाही.

आधी रुग्णालय प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमतं. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि त्या आजाराचे किमान दोन तज्ज्ञ, पाच वर्षांचा तरी अनुभव असलेले. त्यांचं 'उपयोग नाही' ठरलं की दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने पाठवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग पत्रात नाव असलेल्या माणसाची संमती. अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मंडळ नाही म्हणालं तर उच्च न्यायालयाचं दार आहे. २०१८मध्ये तर वीस वर्षं अनुभवाचे किमान तीन तज्ज्ञ मागितले होते. लहान गावात आणायचे कुठून?

म्हणजे मुलाने पत्र फडकवून काही होत नाही. घरावर डोळा ठेवून बसलेल्याला पत्र नसलं तरी एक वाट आहेच, आणि ती आम्ही रोज पाहतो. 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणे. नातेवाईक सही करतात, पेशंटला नेतात. घरी ना ऑक्सिजन, ना वेदनेवर औषध. तडफडून जातो माणूस. त्यातले बहुतेक मुलगे दुष्ट नसतात हो. पैसे संपलेले असतात, धीर संपलेला असतो आणि हे थांबवायची सरळ वाट असते हे कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक. उपचार थांबवणं म्हणजे पेशंटला वाऱ्यावर सोडणं नाही. धाप लागू नये, दुखू नये, घशात घरघर होऊ नये, यासाठीची औषधं शेवटपर्यंत चालू राहतात, मॉर्फिनसकट. पत्रात हे वाक्य स्वतंत्र लिहा: 'वेदनाशामक उपचार कधीही थांबवू नयेत.' घरच्यांच्या जिवाला त्याने खूप थंडावा मिळतो.

शेवंती

माझा अनुभव लिहिते, कारण आम्ही पत्र करूनही फसलो होतो.

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'मला व्हेंटिलेटर लावू नये.' बस, एवढंच. अक्षर मोत्यासारखं. पुढे त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस मशीनचा आधार दिला तर बरे होऊन घरी जातील, बाकी तब्येत ठणठणीत आहे. आणि आमच्या हातात तो कागद! नणंद म्हणाली, त्यांची इच्छा मोडायची नाही. हे म्हणाले, त्यांना असं थोडंच म्हणायचं होतं. शेवटी सासरे स्वतःच अर्धवट शुद्धीत हाताने खूण करून म्हणाले, लावा. सहा दिवसांनी मशीन निघालं. पुढे तीन वर्षं जगले, त्यातली दोन रोज फिरायला जात.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद फाडला आणि नवा लिहिला. या वेळी मशीनची नावं नंतर, आधी अवस्था. 'मला माझी माणसं ओळखता येत नसतील, मी स्वतःहून काही सांगू शकत नसेन, आणि यातून मी बाहेर येणार नाही असं डॉक्टरांचं मत असेल, तर.' त्या 'तर'च्या पुढे व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबणं, नळीने अन्न. आणि खाली वेगळी ओळ: 'आजार बरा होण्यासारखा असेल तर सगळं करा. मशीनसुद्धा. मुदतीने करून बघा, फरक पडला नाही तर काढा.'

ही 'मुदतीने करून बघा' ओळ अतिशय कामाची आहे. नळी घातली म्हणजे आता काढताच येत नाही, या भीतीनेच लोक एकतर काहीच करू देत नाहीत किंवा सगळं करत बसतात.

ओसरी

शेवंती, अगं हे सोनं आहे. मी नेमकी तीच चूक करत होते. माझ्या कच्च्या मसुद्यात यंत्रांची यादीच आहे, किराणा लिहितात तशी.

'मुदतीने' हा शब्द कुणीतरी त्या दाराशी मला सांगायला हवा होता.

आयसीयूवाला

शेवंतीताईंचं शंभर टक्के बरोबर. त्यात भर: मोघम पत्राचा अंमल मंडळं करत नाहीत. मग तुम्ही पत्र केलंच नव्हतं असं धरून, नातेवाईकांच्या संमतीचा जो रस्ता आहे, त्याने जावं लागतं. 'मला शांत मरण यावं' हे वाक्य मनापासूनचं असेल, पण रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या डॉक्टरला त्यातून काय करायचं ते कळत नाही. नळीने अन्न-पाणी याबद्दल तर हवं की नको, स्पष्ट लिहाच. घरच्यांना सगळ्यात जास्त अपराधी तिथेच वाटतं. उपाशी ठेवलं असं वाटतं.

रात्रपाळी

मी परिचारिका. एकवीस वर्षं, त्यातली बरीचशी रात्रीची.

छाती दाबणं (सीपीआर) सिनेमात असतं तसं नसतं, एवढं सांगायला आले. नीट दाबायची तर जोर लागतो, म्हाताऱ्या हाडांच्या फासळ्या मोडतात, आणि त्याचा आवाज येतो. ज्याचं हृदय अचानक बंद पडलं पण बाकी शरीर धड आहे, त्याच्यासाठी हे वरदान. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या आजींसाठी मात्र त्यांची शेवटची दहा मिनिटं आमच्या हाताखाली जातात आणि मुलगी पडद्याबाहेर उभी असते. 'हृदय थांबल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये' याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ते डॉक्टरांशी आधीच बोलून केसपेपरवर नोंदवून घेता येतं. त्यासाठी मरणाच्या दारापर्यंत थांबायची गरज नाही.

आणि या विषयावर अरुणा शानबाग यांचं नाव अजून कसं आलं नाही? आमच्याच पेशातल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, भान गेलं ते परत आलंच नाही, आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. एवढी वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. उपचार थांबवण्याची याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणींनी केली होती, आणि परिचारिका तिच्या विरोधात उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती फेटाळली, पण अशा रुग्णांसाठी पहिल्यांदा वाट आखून दिली. मला आजही दोन्ही बाजू पटतात. एकच गोष्ट डोक्यात राहते: अरुणाताईंना स्वतःला काय हवं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतली मुलगी असं कागदावर कशाला लिहून ठेवेल?

निवांत_म्हातारा

वय ७९. माझं पत्र तयार आहे, लॅमिनेट केलेली प्रत कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलीय. बायको म्हणते, रोज साडी काढताना मला दर्शन कशाला?

ओसरीबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी सुनेचं नाव घातलं.

मुलाचं का नाही? मुलगा माझ्यावर जीव टाकतो म्हणूनच नाही. तो डॉक्टरांचे पाय धरेल, 'काहीही करा' म्हणेल. सून ऐकून घेते. तिचे वडील गेले तेव्हा तिने डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारले होते: बरे होतील का, दुखतंय का, आता आम्ही काय करू. मी तेव्हाच मनात ठरवलं, ही आपली.

आता महत्त्वाचं. नाव घालून गप्प बसलो असतो तर तिच्या गळ्यात धोंडाच होता. उद्या नणंदा म्हणतील, परक्या घरच्या बाईने आमच्या बापाचा निकाल लावला. म्हणून मी तिन्ही मुलांना, जावयांना, सगळ्यांना बसवलं आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दोघी मुली रडल्या. धाकटा जावई मोबाईल बघत होता, त्याला परत पहिल्यापासून वाचून दाखवलं. मग म्हटलं, हिने जे ठरवलं ते मी ठरवलं. ज्याला भांडायचंय त्याने आत्ता माझ्याशी भांडा, मी ऐकायला बसलोय. तासभर भांडले! थोरलीच्या सांगण्यावरून एक ओळ बदललीसुद्धा: शक्य असेल तर शेवटी घरी आणावं.

दरवर्षी वाढदिवसाला वाचतो, खाली तारीख घालून सही करतो.

अवांतर: आमच्या पिढीला विनोबांचं आठवतं, नोव्हेंबर १९८२, पवनार. औषध-पाणी-अन्न सोडून गेले. पण ते स्वतः भानावर राहून केलेलं. माझं भान गेल्यावर माझ्या वतीने कोण, एवढीच माझी काळजी. मला संत व्हायचं नाही.

गोंधळी

काका, दंडवत. धाकट्या जावयाला परत पहिल्यापासून!! :)))

दुपारचं_ऊन

वाचतेय. माझी अडचण वेगळी आहे. आईला विसरायला होतंय, अल्झायमरची सुरुवात सांगितलीय. सकाळी ताजीतवानी असते, छान गप्पा मारते, संध्याकाळी गोंधळते. तिच्याकडून आता असं पत्र करून घेतलं तर चालेल का? की उशीर झाला? आणि मानसिक आरोग्य कायद्यातही असं काही पत्र असतं ना, तेच का हे?

फाटका_कोट

शेवटचं आधी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं आगाऊ निर्देशपत्र वेगळं. ते मानसिक आजारावर कसे उपचार हवेत यासाठी. त्याचा फॉर्म यासाठी भरू नका.

निदान झालं म्हणजे हक्क गेला, असं नाही. सही करताना तिला आपण काय करतोय, त्याचा परिणाम काय, हे कळतंय का, यावर सगळं आहे. तिच्या डॉक्टरांना सकाळची वेळ मागा, त्यांच्यासमोर तिच्याशी बोला आणि त्याच दिवशीचं त्यांचं लेखी मत पत्राला जोडा. साक्षीदार घरचे नकोत. तुम्ही तर नाहीच. आणि हे पुढच्या महिन्यावर टाकू नका.

रात्रपाळी

@दुपारचं_ऊन, तिला कायद्याच्या भाषेत विचारू नका. 'तुला कशाची भीती वाटते?' विचारा. 'कशाशिवाय तुला करमणार नाही?' विचारा. तिची उत्तरं तिच्याच शब्दांत लिहून घ्या, वाक्यं सुधारू नका. पुढे तुम्हालाच ती वाचायची वेळ येईल.

कडू_कारलं

बरं, दोन मंडळांचं पटलं. म्हाताऱ्या काकांचं तर फारच पटलं. तरी एक काटा उरतोच.

माझा धाकटा भाऊ अपघातानंतर कमरेखाली अधू आहे. चौदा वर्षं. अपघाताआधी त्याला कुणी विचारलं असतं, तर 'असं लोळागोळा जगण्यापेक्षा मेलेलं बरं' हेच म्हणाला असता. मीही म्हणालो असतो. आज तो काम करतो, माझ्याशी राजकारणावर कडाकडा भांडतो आणि मरायचं त्याच्या मनातही नाही. धडधाकट माणसाने खुर्चीत बसून पुढच्या अवस्थेबद्दल लिहायचं आणि ते त्या अवस्थेतल्या माणसावर लादायचं, यात काहीतरी चुकतंय. जो लिहितो आणि ज्याला लागू होतं, ती दोन वेगळी माणसं असतात.

मोडी_वाचक

कारलंभाऊंचा हा प्रतिसाद मला या धाग्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा वाटला. उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही.

आयसीयूवाला

भावाच्या उदाहरणाला उत्तर आहे: त्याला हे पत्र लागूच झालं नसतं. तो बोलू शकतो, ठरवू शकतो. जोवर माणूस स्वतः सांगू शकतो तोवर पत्राला अर्थ नाही, त्याचा शब्द चालतो. शिवाय बरं न होणारा, मरणाकडे नेणारा आजार असावा लागतो. अधूपण हा तसा आजार नाही.

पण मुद्दा खरा आहे, एवढं मान्य. म्हणून मी 'अंथरुणाला खिळलो तर' असं कुणालाच लिहू देत नाही. खिळलेली माणसं सुखाने जगताना पाहिलीत. माणसं ओळखता येणं, काहीतरी सांगता येणं, एवढ्यावर रेघ ओढा. तीही दर दोन-तीन वर्षांनी पुसून बघा. केंद्रीय आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२४मध्ये उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला, तेव्हा आमच्यातही यावर बरीच वादावादी झाली. काही डॉक्टरांना वाटतं की यात सगळं ओझं आमच्यावर येतं.

एकलव्या

लग्न नाही, भावंडं नाहीत, आईवडील गेले. वय ६१. माझ्या रेघेवर कोण? शेजारीण आहे, सख्ख्या बहिणीसारखी. चालेल?

फाटका_कोट

निकालातले शब्द 'गार्डियन किंवा जवळचा नातेवाईक' असे आहेत. रक्ताचं कुणीच नाही आणि म्हणून मी अमुक व्यक्तीला या कामासाठी माझी पालक नेमते, असं कारणासकट स्पष्ट लिहा. दूरचा एखादा चुलत-मावस असेल तर त्याला आजच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तो उगवून शेजारणीला बाजूला सारणार नाही. आणि शेजारणीपेक्षा लहान वयाचं दुसरं नाव घ्या. दोघी एकाच वयाच्या असाल तर काय उपयोग?

एकलव्या

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. :( तिच्या मुलीला विचारते.

ओसरी

तीन आठवड्यांनी येतेय. सगळ्यांचे आभार, धागा आईला वाचून दाखवला. कारलंभाऊ, तुमच्या भावाचं वाचल्यावर आई बराच वेळ गप्प होती, मग तिने तिच्या मसुद्यातलं 'परावलंबी झाले तर' काढायला लावलं. म्हणाली, "परावलंबी तर मी आत्ताही आहे, सुई तूच ओवून देतेस."

काकांचं ऐकून सगळ्यांना एकत्र बसवायचं ठरवलं. दादाला फोन केला, तो व्हिडिओवर आला. मी शेवंतीच्या पद्धतीने लिहिलेलं वाचत होते. मधेच तो म्हणाला, "थांब. 'माणसं ओळखता आली नाहीत तर' म्हणजे कुणाला? मला नाही ओळखलंस पण पोरीला ओळखलंस तर?" मी चिडणारच होते. मग वाटलं, बाबांच्या वेळी सगळे काय करायचं तेच विचारत होते. बाबांना काय चाललं असतं हे या एकट्याने विचारलं होतं, आणि मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

रेघेवर दादाचं नाव घातलंय. दुसरं मुलीचं. तिला आधी विचारलं, ती म्हणाली, "मामा असेल तर मी आहे." नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला, लपवलासुद्धा नाही.

दादाशी त्यानंतर दीड तास बोलले. त्या तेवीस दिवसांबद्दल. इथे नाही लिहीत.

आता कागदोपत्री हकीकत. साक्षीदार म्हणून दोन मैत्रिणी, नोटरी झाली. प्रत द्यायला स्थानिक कार्यालयात गेले तर खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "मृत्यूनोंद का? ते बाजूला." म्हटलं, अजून नाही. तीन टेबलं फिरून आरोग्य विभागातल्या एका साहेबांना कस्टोडियन नेमल्याचं निघालं. ते भले निघाले, पण असं पत्र त्यांच्याकडे याआधी एकच आलं होतं. दोन्ही पत्रं ठेवून घेतली, माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का दिला. शिक्क्याशिवाय निघू नका, एवढंच सांगेन.

निवांत_म्हातारा

शाब्बास. आमच्या इथेही 'मृत्यूनोंद बाजूला' हेच ऐकलं होतं.

शेवंती

ओसरी, प्रत्येक पानावर सही केलीस ना? दोघींनी? आमच्या नोटरीने मधलं एक पान तसंच सोडलं होतं, नंतर कुणीही बदललं म्हणू शकतं.

ओसरी

थांब, बघते.

ओसरी

आईच्या तिसऱ्या पानावर नाहीये. उद्या परत रिक्षा, परत नोटरी, परत त्या दोघी मैत्रिणी. आई म्हणते, चल, तेवढंच बाहेर पडणं होईल.